वचनाभोवती बसलेली माणसे



पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे निघाले होते (लूक 24:13-35). वाट सुमारे 11 किलोमीटरची. एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे नाव संत लूक सांगत नाही. दोघेही निराश. प्रभू येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, पण आल्या आल्या प्रवचन सुरू करीत नाही. तुमचे काय बोलणे चालले आहे, असे तो विचारतो आणि त्यांचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्यानंतर मोशे व संदेष्टे यांचे लेखन उलगडून सांगतो. भाकर मोडली जाते तेव्हा त्यांचे डोळे उघडतात आणि दिवस मावळलेला असूनही ते दोघे त्याच रात्री यरुशलेमला, आपल्या माणसांकडे परत जातात.

आपल्या आळीआळीतून भरणाऱ्या बायबल समूहाचे याहून चांगले चित्र शुभवर्तमानात क्वचितच सापडेल. मनातले दुःख बोलणे, वचन ऐकणे, भाकरीपाशी प्रभूला ओळखणे आणि पुन्हा समुदायात जाणे, हे सारे तिथे आहे. आपण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी ईश्वरी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. धर्मगुरू व व्रतस्थांप्रमाणेच सर्व श्रद्धावंतांनीही पवित्र शास्त्र नेहमी वाचावे, आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असा आग्रह त्यात आहे. 1990 साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियातील बिशपांची सभा भरली, तिने ख्रिस्तसभेचे चित्र लहान लहान समूहांचा मिळून झालेला एक समुदाय असे रेखाटले. म्हणजे घरात सतरंजी टाकून दहा-बारा जण बसतात, तीही ख्रिस्तसभाच. चर्चमधल्या कार्यक्रमांची ती पुरवणी नव्हे.

तरीही समूहाची उपस्थिती रोडावते. लोकलने दमून आलेला माणूस रात्री आठला पुन्हा घराबाहेर पडायला कंटाळतो. मुलांच्या परीक्षा असतात, घरी आजारी माणूस असतो. ही कारणे खरी आहेत, त्यांना बहाणे म्हणणे योग्य नाही. पण आणखी एक कारण आहे, ते आपण फारसे बोलत नाही. समूहात दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. रविवारी एक प्रवचन ऐकलेले असते, मग बुधवारी दुसरे ऐकायला कोण येईल?

दक्षिण आफ्रिकेतील लुम्को या संस्थेने शुभवर्तमान-सहभागाची सात पायऱ्यांची पद्धत तयार केली. आशियातील अनेक धर्मप्रांतांनी ती स्वीकारली. आधी प्रभूला आपल्यात बोलावायचे, मग उतारा वाचायचा. त्यानंतर ज्याला जो शब्द भिडला तो त्याने सावकाश, प्रार्थनेसारखा मोठ्याने उच्चारायचा. स्पष्टीकरण नाही, नुसता शब्द. मग काही मिनिटे शांतता. ही शांतता आपल्याला फार जड जाते! कुकरची शिट्टी होते, कोणीतरी घसा खाकरतो, समूहप्रमुखाला वाटते आता काहीतरी बोलायला हवे. कृपा करून बोलू नये. वचन आत उतरायला तेवढा वेळ लागतो.

पाचवी पायरी सहभागाची. इथे एक नियम पाळला तर पुष्कळ काही बदलते : वाक्य ‘मी’ने सुरू करायचे, ‘लोकांनी’ने नव्हे. दुसरे असे, की बायबलची पुस्तकी मराठी पाहून आपल्या वयस्कर आया-मावशा गप्प बसतात. घरी त्याच बाया कादोडीत किंवा आपापल्या बोलीत देवाशी किती मोकळेपणी बोलतात! पन्नासाव्या दिवशी प्रत्येकाने प्रेषितांना आपापल्या भाषेत ऐकले (प्रेषितांची कृत्ये 2:6). मग समूहात बोलीची लाज कशाला?

सहावी पायरी कामाची : वचन ऐकून आता आपण मिळून काय करायचे? आणि सातवी उत्स्फूर्त प्रार्थनेची. या सातव्या पायरीवर जरा जपून. परूशी व जकातदार दोघेही मंदिरात प्रार्थनेलाच गेले होते (लूक 18:9-14). परूश्याचे तोंड देवाकडे, पण नजर मागे उभ्या असलेल्या जकातदारावर. “प्रभू, ज्यांना तुझ्या वचनासाठी वेळ नाही त्यांना सुबुद्धी दे,” अशी विनवणी आपण करतो, तेव्हा ती देवाला उद्देशून असते की शेजारच्या घराला?

समूहात येऊन आमची आध्यात्मिक वाढ किती झाली, असे काही जण विचारतात. पेरलेले बी रोज उकरून पाहणारा शेतकरी आपल्या वाडीत कोणी नाही. बी रात्रंदिवस वाढते, कसे ते पेरणाऱ्याला कळत नाही, असे प्रभू सांगतो (मार्क 4:26-29). पण पीक तयार झाले की विळा घालावा लागतो, हेही तो त्याच दाखल्यात सांगतो. पीक ओळखण्याची एक जागा आहे, ती आपल्याला ठाऊक आहे. बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, वडिलांच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलणे टाकलेली घरे आपल्याकडे आहेत. समूह एका घरी असला की दुसऱ्या घरचे येत नाहीत, आणि कोणी विचारतही नाही, कारण सर्वांना कारण माहीत असते. जपमाळ दोन्ही घरांत होते. मिस्सेला दोन्ही घरे असतात, बाके मात्र वेगळी. वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, ही प्रभूची आज्ञा (मत्तय 5:23-24) अशा वेळी नुसती वाचून पुढची ओवी घेता येत नाही. जाणे एकट्याला अवघड असते. मानाचा प्रश्न येतो, आधी कोणी जायचे हा प्रश्न येतो. तिथेच समूहाची गरज आहे : दोन्ही घरांना जवळची असलेली दोन माणसे, कोण बरोबर कोण चूक हा निवाडा न करता, बरोबर चालतील. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू चालला तसे.

या आठवड्यात सर्व समूहांनी मत्तय 5:21-26 हा उतारा घ्यावा. प्रत्येकाने आपले बायबल आणावे, नसेल तर शेजाऱ्याच्या बायबलमध्ये पाहावे. चहापाण्याचा घाट घालू नये, त्या खर्चामुळे काही घरे समूह बोलवायला कचरतात. आणि सहाव्या पायरीवर, घाई न करता, एवढेच ठरवावे : आपल्या आळीत कोणाच्या दारात जायचे आहे, आणि कोणी जायचे.