जित्याची खोड

आठवडी बाजारात दोर, कासरे, घुंगरमाळा मांडून बसलेल्या मामांना मी अंबाडीचा दोर मागितला. पंचवीस मीटर. "बैल किती हायेत?" त्यांनी विचारलं. बैल नाहीत, मांजरीसाठी हवाय, असं सांगितल्यावर ते मनापासून हसले. "मांजरीला बी वेसण घालता का काय, सर?"

मीही हसलो. पण परभणीला परत येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

गोष्ट साधी होती. आमच्या मांजरीनं वडिलांची वेताची खुर्ची ओरबाडून काढली होती. ते गेल्यावर गावाकडून मी आणलेली ही एकच वस्तू. मी मांजरीला दोनदा मारलं. नंतर दोन दिवस ती माझ्यासमोर आली नाही. खुर्ची मात्र रात्री ओरबाडत राहिली. आई म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नसती, बाळा." एका नातेवाइकानं फोनवर उपाय सुचवला : नखंच काढून टाक, परदेशात काढतात.

काढतात, हे खरं. पण मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. म्हणून नख काढायचं म्हणजे ते हाडच छाटायचं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा बोटं. १९८७च्या युरोपीय करारानं हे निषिद्ध ठरवलं, न्यूयॉर्क राज्यानं २०१९मध्ये बंदी घातली. आणि मांजर ओरबाडते ती खोडी म्हणून नाहीच. नखांवरचं जुनं टरफल त्यानं गळून पडतं, झोपून उठल्यावर अंग ताणलं जातं, पंजातल्या ग्रंथींचा वास मागे राहतो. 'ही जागा माझी' हे सांगायची तिची ती रीत. वडिलांची खुर्ची मी दिवाणखान्यात ठेवली, तीही काहीशी त्याच कारणानं.

म्हणजे खोड जाणार नव्हती. मग तिला खोडच द्यावं, असं ठरवलं. शेतातल्या वाळलेल्या बाभळीचं चार इंच जाडीचं खोड आणलं. मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल इतकी उंची हवी, म्हणून ७५ सेंटिमीटर दोर गुंडाळायचा. एक वेढा साधारण ३२ सेंटिमीटरचा आणि दोर एक सेंटिमीटर जाडीचा. म्हणजे ७५ वेढे, २४ मीटर. नायलॉन स्वस्त, पण त्यात नख रुततच नाही. अंबाडी किंवा घायपाताचा, ज्याला आपल्याकडे केकताड म्हणतात त्याचा दोर खरखरीत असतो. खाली जड फरशीचा तुकडा पक्का केला, कारण खांब एकदा जरी डुगडुगला तरी मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. आणि तो कोपऱ्यात न लपवता खुर्चीला लागूनच ठेवला.

दोर गुंडाळताना हाताला तो चरचरीत स्पर्श ओळखीचा वाटला. मी दहा वर्षांचा असताना आमच्या गोऱ्ह्याचं नाक टोचलं, तेव्हा त्याची मान धरायला वडिलांनी मला उभं केलं होतं. लाल कंधारी गोऱ्हा. त्याचा डोळा माझ्या तोंडापासून वीतभर होता. असलाच दोर त्याच्या नाकातून ओवला गेला.

मांजरीची नखं काढायची कल्पना मला क्रूर वाटली. त्या दिवशी मात्र मी मान सोडली नव्हती. फरक काय? दोन्हीकडे सोय माणसाची, दुखणं जनावराचं. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा वाचला, तर त्याच्या ११व्या कलमातच विहित पद्धतीनं वेसण घालणं आणि खच्चीकरण यांना सूट आहे. दुखत नाही म्हणून ही सूट दिलेली नाही. शेती त्यावर चालत होती, म्हणून दिली असणार.

इथं मला माझ्या दयेचा थोडा संशय येतो. मांजरीला खांब करून देणं मला परवडलं : एक सुट्टीचा दिवस, थोडे पैसे, घरातली फूटभर जागा. वडिलांना असा पर्याय नव्हता. वेसणीशिवाय औताला बैल धरायचा कसा? मग मी त्यांच्यापेक्षा चांगला माणूस ठरतो, की फक्त सुस्थितीतला?

बहुतेक दुसरंच. पण परिस्थितीनं सुटका होत असली तरी देणं फिटत नाही, हे वडिलांना ठाऊक असावं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचे, तेव्हा कुणाशी बोलायचे नाहीत. जू नेमकं जिथं घासायचं तिथंच त्यांचा हात जास्त वेळ फिरायचा. त्यानं वेसणीचं दुखणं भरून निघत नव्हतं. मात्र आपण कुणाच्या जिवावर जगतो हे ते विसरत नव्हते. आणि पर्याय नसतानाचा नाइलाज पर्याय असताना चालत नाही. मला पर्याय होता आणि तरीही मी आधी हात उगारला, ही माझी बाजू त्यांच्यापेक्षा पडकीच.

खांब मी मांजरीसाठी केला असंही म्हणवत नाही. केला तो खुर्चीसाठी. पण या वेळी किंमत तिच्या बोटांनी न देता मी दिली. मामांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं झालं तर एवढंच : नाही मामा, या खेपेला दोर मलाच आवरायला लागला.

चौथ्या दिवशी तिनं खांबावर नखं रोवली आणि कमान करून अंग ताणलं. आई टाळी वाजवणार होती, मी थांबवलं. अजूनही कधीमधी ती खुर्चीच्या मागच्या पायाला नखं लावते. तिथं मी जुनं धोतर गुंडाळलंय. तेही वडिलांचंच.