दिवा कोणासाठी?

वाराणसीचा शिंदे घाट मणिकर्णिका घाटाला लागूनच आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. बांधकाम इतके जड की खालच्या भूमीला ते पेलवले नाही. घाट खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. पायथ्याशी कललेले रत्नेश्वराचे मंदिर आजही दिसते.

भाषांतराच्या कामानिमित्त त्या शहरी गेलो असता एका संध्याकाळी मी घाटामागच्या अरुंद गल्लीत शिरलो. मणिकर्णिकेकडे एक तिरडी चालली होती, म्हणून भिंतीला अंग टेकून उभा राहिलो. तेवढ्यात वळणावरून एक मोटारसायकल आली. तिचा दिवा असा प्रखर की पुढच्या खांदेकऱ्याला पायरी दिसेना. तो पायाने ती चाचपू लागला. तरुण चालकाने गाडी तत्काळ थांबविली, पण दिवा मात्र तसाच जळत राहिला. आपल्या दिव्यामुळे कोणाला दिसेनासे झाले आहे, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

वाचकहो, त्याला दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. काही वर्षांपूर्वी मसुदे वाचून दाखविण्यासाठी मी रात्री-अपरात्री खेडोपाडी मोटारसायकलने जात असे. रस्त्यावर दिवे नसत. खड्डे व गुरे ऐनवेळी दिसत. म्हणून ६०/५५ वॅटचा बल्ब काढून मी १००/९० वॅटचा बसवून घेतला. फार आनंद झाला. आठवड्याच्या आतच समोरून येणारा एक वृद्ध सायकलस्वार डोळे दिपून चारीत पडला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. मी त्याला उचलले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “साहेब, तुमास्नी समदं दिसलं. मला काय बी दिसलं न्हाई.”

ते वाक्य मला अद्याप सोडीत नाही. अधिक उजेड मागणे हा अपराध नव्हे. मंद दिव्याने जाणारा स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालतो. परंतु उजेड वाढविणे आणि दिसणे सुधारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन तारांच्या हॅलोजन बल्बमध्ये खालच्या झोताच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ती काही उजेड अडविते, म्हणूनच उरलेला झोत रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. त्या जागी भलताच एलईडी बल्ब बसविला, तर प्रकाशाचा उगम ठरल्या जागी राहत नाही व झोत विस्कटतो. भारी वॅटचा बल्ब मूळच्या बारीक तारांना व होल्डरला पेलवत नाही. ते तापून वितळतात. शिंदे घाटाची कथाच ती! याउलट काच पुसली, झोताची उंची नीट लावली आणि बॅटरीपासून रिलेमार्फत जाड तार आणली, तर पुष्कळदा मूळचाच बल्ब अधिक उजळतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम याबाबत मोठा मार्मिक आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपू नयेत, असे तो सांगतो. तेथे दिव्याची परीक्षा चालकाच्या नजरेने होत नाही. अनोळखी माणसाच्या डोळ्यांपाशी होते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील दिवठणीच्या वचनावर काम करताना मी हेच शिकलो. ‘दिवठणी’ या शब्दावर आम्ही दीर्घकाळ चर्चा केली; वचनाच्या अखेरीस असलेल्या घरातील सर्वांकडे मात्र माझे फारसे लक्ष नव्हते. दिवा उंच ठेवायचा तो त्यांना दिसावे म्हणून. उंचीचे समर्थन दिव्याच्या तेजात नसून त्यांच्या दिसण्यात आहे.

कोणी म्हणेल, “सगळेच प्रखर दिवे लावून येतात, मी एकट्यानेच झोत खाली का करावा?” प्रश्न खरा आहे. समोरचा झोत खाली करीलच याची हमी नसते, आणि त्या क्षणी आपल्यालाही कमी दिसते. तेव्हा वेग कमी करावा लागतो, म्हणजे आपलेच काहीतरी सोडावे लागते. मात्र कोणीतरी आधी केल्याशिवाय हे घडत नाही. रात्रीच्या रस्त्यावर शेजाऱ्याला नाव नसते, चेहरा नसतो; तो केवळ एक येणारा ठिपका असतो. त्याची जात, धर्म, योग्यता पाहण्यास सवड नसते. प्रीती तेथे अंगठ्याखालच्या एका बटणाएवढी लहान होते.

मी तो बल्ब काढून टाकला. तथापि ज्ञान, अधिकार, वक्तृत्व, धार्मिकता हेही दिवेच आहेत, आणि त्यांच्या झोताची उंची मी अद्याप तपासतो आहे. आपल्या प्रकाशाने समोरच्याची वाट उजळते, की त्याला पायाने पायरी चाचपावी लागते? हे आपण त्यालाच विचारले पाहिजे, कारण दिव्यामागे बसलेल्याला ते कधीच दिसत नाही.