बर्जिल्लयाचा नकार

२ शमुवेलचा १९ वा अध्याय काढा. ३१ व्या वचनापासून सावकाश वाचा. मध्येच आतल्या खोलीतून हाक आली तर उठून जा, आणि परत येऊन पुढे वाचा.

बर्जिल्लय ८० वर्षांचा आहे. अबशालोमाच्या बंडात दावीद परागंदा झाला, तेव्हा महनाईमात त्याला गहू, मसूर, मध, दही, अंथरुणं पुरवणाऱ्यांत हा म्हातारा होता. आता राजा म्हणतोय, माझ्याबरोबर यरुशलेमेला चला, तुमचं सगळं मी बघेन. म्हातारा नको म्हणतो. खाल्ल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, राजाला आपला भार कशाला?

इथे थांबा. परवा वरणभाताचा घास तुम्ही आईच्या तोंडाशी नेलात आणि ती म्हणाली, "अळणी आहे." मीठ तर तुम्ही चाखून घातलं होतं. खोट काढते, असं वाटलं. बर्जिल्लयाने राजाला जे सांगितलं, तेच ती एका शब्दात सांगत असेल का? तो शब्द मनात पुन्हा ऐका. उत्तर देऊ नका.

हल्ली ती उपासनेलाही "कशाला" म्हणते. विश्वास थंडावला, की भजनाचे शब्दच कानापर्यंत पोचत नाहीत?

बर्जिल्लयाला आपल्या गावात, आईवडिलांच्या कबरीजवळ मरायचं आहे. दावीद हट्ट धरत नाही. म्हाताऱ्याने आपल्याऐवजी पुढे केलेल्या किम्हामाला सोबत घेतो, म्हाताऱ्याचं चुंबन घेतो, आशीर्वाद देतो. दाविदाला ते सोपं गेलं, असं मला नेहमी वाटतं. तो पुढे निघून गेला. त्या रात्री म्हाताऱ्याचे पाय कोणी चेपले, हे शास्त्रात नाही.

तुम्हाला रात्री दोनला उठून चादर बदलायची असते. गोळी नको म्हटली तरी द्यावी लागते. पण "नगरचं घर सोडून पुण्याला येणार नाही, तुझ्या पप्पांची कबर इथे आहे" हा नकार गोळीच्या नकारासारखा नाही. दोन्ही एकाच आवाजात मोडून काढतो, तिथे आपलं चुकतं.

आता तुम्हाला सर्वांत जास्त टोचणारा तिचा एकच नकार प्रभूसमोर ठेवा. तिच्याच शब्दांत म्हणा. मग विचारा, यात भीती कोणाची आहे, तिची की माझी? थोडा वेळ तसेच बसा. राग वर आला तर तोही सांगून टाका. स्तोत्रसंहितेत याहून कडक शब्दांत प्रार्थना केलेल्या आहेत.