परीक्षणाचं पुस्तक होतं तेव्हा

चित्रपटाचं परीक्षण ज्याच्यासाठी लिहिलेलं असतं, त्याला एकच गोष्ट हवी असते. या शनिवार-रविवारी हा सिनेमा बघावा की नको? त्याला थोडी कथा सांगायची, शेवट राखून ठेवायचा, कामं कोणाची चांगली झाली ते सांगायचं, आणि पैसे वसूल होतील का याचा अंदाज द्यायचा. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा लागला की हे परीक्षण रद्दीत जातं. त्यात तक्रार करण्यासारखंही काही नाही. त्याचं काम झालेलं असतं. मग तीच परीक्षणं काही वर्षांनी एकत्र बांधून पुस्तक म्हणून का छापायची? आणि छापलीच, तर ती वाचायची कशी?

पॉलीन केल यांची पुस्तकं समोर असली की या प्रश्नाचा विचार करणं सोपं जातं. १९१९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या केलबाईंनी १९६८ पासून १९९१ पर्यंत ‘द न्यू यॉर्कर’मध्ये परीक्षणं लिहिली आणि दर काही वर्षांनी त्यांचे संग्रह काढले. ‘डीपर इंटू मूव्हीज’ या संग्रहाला १९७४ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. मी इथे त्याच्या पुढचा, १९७६ चा ‘रीलिंग’ घेतो. त्यात १९७२ ते १९७५ या काळातली परीक्षणं ज्या क्रमाने छापून आली त्याच क्रमाने, तारखांसकट आहेत.

हे पुस्तक आज हातात घेणारा वाचक कोण? त्यातला एखादा सिनेमा त्याने पाहिलेला तरी असतो, किंवा तो कधीच पाहणार नसतो. दोघांनाही ‘बघा’ किंवा ‘बघू नका’ या सल्ल्याचा उपयोग नाही. म्हणजे परीक्षणाचं जे मुख्य काम, तेच पुस्तकात येताना गळून पडतं. उरतं ते एवढंच, की अमुक तारखेला, अमुक शहरात एका हुशार बाईने हा सिनेमा पाहिला आणि तिला तो असा दिसला. निकाल मागे पडतो आणि साक्ष राहते. माझ्या मते संग्रहाची सगळी किंमत या साक्षीत आहे, आणि म्हणून संग्रह काढताना तिला हात लावायचा नसतो.

‘रीलिंग’मधलं सर्वांत गाजलेलं परीक्षण घ्या. १४ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यू यॉर्क फिल्म फेस्टिव्हलच्या शेवटच्या रात्री बर्तोलुचीचा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ दाखवला गेला. केलबाईंनी त्या रात्रीची तुलना १९१३ साली पॅरिसमध्ये झालेल्या स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या पहिल्या प्रयोगाशी केली. सिनेमाकलेचं रूपच आता बदललं, असा त्यांचा सूर होता. आज वाचताना हे फारच झालं असं वाटतं. सिनेमाचं रूप त्या रात्री बदललं नाही. शिवाय चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांच्या असलेल्या मारिया श्नायडर यांनी २००७ साली सांगितलं, की त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध प्रसंग मूळ पटकथेत नव्हता आणि तो करताना आपली मानहानी झाली. हे कळल्यावर तो सिनेमा पूर्वीसारखा बघता येत नाही. मग ते परीक्षण काढून टाकावं, की खाली चार ओळींची सारवासारव जोडावी? मला दोन्ही नको वाटतं. १९७२ मध्ये एका जाणत्या प्रेक्षकाला पडद्यावर काय दिसलं आणि काय मुळीच दिसलं नाही, हे समजायला त्या परीक्षणाइतका चांगला कागद नाही. ते दुरुस्त केलं असतं तर आपल्याला फक्त केलबाईंचं नंतरचं शहाणपण मिळालं असतं, आणि तसलं शहाणपण सगळ्यांकडेच असतं.

त्यांच्या एका सवयीमुळे ही साक्ष आणखी कोरी राहिली. त्या सहसा कोणताही सिनेमा एकदाच बघत. पहिल्या भेटीत जे वाटलं तेच खरं, असा त्यांचा हट्ट होता. समीक्षक म्हणून मला हा हट्ट पटत नाही. काही सिनेमे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ त्यांना कळला नाही त्याचं हेही एक कारण असावं अशी मला शंका आहे. शिकागोच्या रॉजर ईबर्ट यांनी ‘द ग्रेट मूव्हीज’ मालिकेत उलट केलं. जुने सिनेमे सवडीने पुन्हा पाहिले आणि मग लिहिलं. ते लेखन अधिक शांत आहे, पुष्कळदा अधिक बरोबरही. पण त्यात तो पहिला धक्का नाही, आणि नेमका तोच नंतर कुठून मिळवता येत नाही.

‘नॅशव्हिल’चं उदाहरण तर याहून टोकाचं. रॉबर्ट ऑल्टमनचा हा सिनेमा जून १९७५ मध्ये प्रदर्शित झाला. केलबाईंचं परीक्षण मार्चमध्येच छापून आलं होतं. त्यांनी पाहिली होती ती पक्कं संकलन व्हायच्या आधीची लांबलचक प्रत. इतर समीक्षक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. अर्धवट सिनेमाची भलावण ही प्रसिद्धीच झाली. पण पुस्तकात ते परीक्षण वाचताना ती चीड उरत नाही. प्रेक्षकांपर्यंत त्या रूपात कधी न पोहोचलेल्या सिनेमाची ती एक नोंद होऊन बसली आहे.

पुस्तकामुळे साक्ष टिकते तशी साक्षीदाराची उलटतपासणीही होते. साप्ताहिकात एक परीक्षण वाचून आपण ते विसरतो. चारशे-पाचशे पानं सलग वाचली की लेखकाच्या लकबी उघड्या पडतात. १९८० मध्ये रेनाटा ॲडलर यांनी ‘द न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये केलबाईंच्या ‘व्हेन द लाइट्स गो डाउन’ या संग्रहावर प्रदीर्घ हल्ला चढवला, तो याच बळावर. तेच ते शब्द, वाचकाला कोपऱ्यात गाठणारे प्रश्न, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ म्हणत त्याला आपल्या बाजूला ओढण्याची खोड, हे सारं मोजून दाखवत त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत कवडीमोलाचं ठरवलं. ॲडलर ‘न्यू यॉर्कर’मधल्याच सहकारी, आणि स्वतः काही काळ ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या चित्रपट समीक्षक होत्या. तिथे त्या आल्या बॉस्ली क्राउदर यांच्या जागी. आणि ज्या ‘बॉनी अँड क्लाइड’ला क्राउदर यांनी पुन्हा पुन्हा झोडपलं, त्याची बाजू १९६७ मध्ये दीर्घ लेख लिहून घेतली होती ती केलबाईंनी. न्यू यॉर्कच्या समीक्षकांचं गाव तसं लहानच.

ॲडलर यांनी दाखवलेल्या लकबी खऱ्या आहेत. एकदा दाखवल्या की डोळ्यांना खुपत राहतात. निष्कर्ष मात्र मला चुकीचा वाटतो. आठवड्याला एक या वेगाने लिहिणाऱ्याच्या लेखणीला वळण पडतंच. त्या वळणाखाली पाहणं जिवंत आहे का, हे बघायचं. केलबाईंचं पाहणं जिवंत होतं. नटाच्या खांद्यांची ठेवण, एखाद्या दृश्यातली हुशारीची आच, दिग्दर्शकाचा कंटाळा हे त्या दोन वाक्यांत पकडतात. सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिनरात्रि’वर त्यांनी १९७३ मध्ये लिहिलेलं, ‘रीलिंग’मध्येच असलेलं परीक्षण पाहा. बंगाली न जाणणारी ही बाई रायांच्या माणसांकडे परदेशी नवलाई म्हणून बघत नाही. न्यू यॉर्कच्या रस्त्यावरच्या माणसांइतक्याच सलगीने बघते.

म्हणूनच निवडक संग्रहांपेक्षा मला तारीखवार खंड बरे वाटतात. निवडीत गाजलेले सिनेमे राहतात आणि पडेल, आता कोणाला नावही न आठवणारे सिनेमे गळतात. केलबाईंनी स्वतः निवडलेला ‘फॉर कीप्स’ (१९९४) बाराशेहून अधिक पानांचा आहे, पण त्यातही हे होतंच. समीक्षकाचा कस पडेल सिनेमावर लिहिताना अधिक लागतो, कारण तिथे त्याला सिनेमाची मदत नसते.

तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर ‘रीलिंग’पासून सुरुवात करा, पण पहिल्या पानापासून नको. मागची सूची उघडा आणि तुम्हाला अतिशय आवडलेला, केलबाईंनी मात्र सोलून काढलेला सिनेमा शोधा. टेरेन्स मॅलिकचा ‘बॅडलँड्स’ त्यात आहे, ‘दि एक्झॉर्सिस्ट’ही आहे. ते परीक्षण रागावून वाचा, मग तो सिनेमा पुन्हा बघा, आणि मगच उरलेल्या पुस्तकाकडे वळा.