ऐकीव साक्ष आणि निवाडा

न पाहिलेल्या देशाविषयी मनुष्य जे जाणतो, ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून. यात दोष नाही. शब्द हेही प्रमाणच आहे. परंतु न्यायशास्त्राने त्यास एक अट घातली आहे. सांगणारा आप्त असावा; म्हणजे त्याने वस्तू यथार्थ जाणलेली असावी आणि जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. ही अट सुटली म्हणजे काय घडते, हे जेम्स मिल याच्या ग्रंथावरून दिसते.

मिलने १८०६ साली हिंदुस्थानचा इतिहास लिहावयास घेतला आणि १८१७ साली त्याचे तीन खंड छापले गेले. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता. येथील एकही भाषा त्यास येत नव्हती. ही उणीव त्याने लपविली नाही. प्रस्तावनेत तिलाच गुण ठरविले. न्यायाधीशाने गुन्हा डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तरी साक्षी तोलून तो निवाडा देतो. इतिहासकारही तसाच, असा त्याचा युक्तिवाद.

पण न्यायाधीश दोन्ही पक्षांचे साक्षीदार बोलावितो व उलटतपासणी होऊ देतो. मिलने प्रामुख्याने प्रवासी, मिशनरी व कंपनीचे अधिकारी यांच्या लेखांवर भिस्त ठेविली. संस्कृत शिकलेल्या विल्यम जोन्सची अनुकूल साक्ष त्याने भ्रम म्हणून बाजूस सारली. ज्यांच्याविषयी निवाडा, त्यांचा शब्द मूळ भाषेत त्याच्या कानी पोहोचलाच नाही. हा निवाडा हेलीबरीच्या विद्यालयात वाचून कंपनीचे तरुण अधिकारी येथे राज्य करावयास येऊ लागले. पुढे, हिंदुस्थानात अनेक वर्षे राहिलेल्या होरेस विल्सनला १८४० पासून त्याच ग्रंथाची नवी आवृत्ती काढून तळटीपांतून चुका दाखवाव्या लागल्या.

मग प्रत्यक्ष गेल्यावाचून बोलूच नये काय? तसे नव्हे. मॅक्सम्युलरही येथे कधी आला नाही. पण त्याने ऋग्वेद मूळ भाषेत अभ्यासिला, आणि १८८२ साली केंब्रिज येथे हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांना मिलच्या ग्रंथापासून सावध केले. तात्पर्य, अंतर हा दोष नव्हे. एका अंशालाच संपूर्ण मानणे हा दोष होय. गीतेच्या अठराव्या अध्यायात अशाच ज्ञानाला तामस म्हटले आहे.

मिलवर रागावणे सोपे आहे. परंतु परक्या देशाविषयी, किंबहुना स्वदेशातीलच दुसऱ्या प्रांताविषयी, घरोघर जे सहज बोलले जाते, त्याला साक्ष कोणाची? मुले ते ऐकत असतात, आणि तोच निवाडा त्यांच्या मनात कायम होतो. म्हणून गृहस्थाने एवढे व्रत पाळावे : ज्याचा निवाडा करावयाचा, त्याचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत निवाडा राखून ठेवावा.