पहिल्या मताआधी

पुणे

चि. छकुली,

येत्या नोव्हेंबरात तू आयुष्यातलं पहिलं मत देणार आहेस, हे तुझ्या बाबाने सांगितल्यापासून आल्यागेल्या प्रत्येकाला मी ते कौतुकाने सांगते आहे. आमच्या तरुणपणी मतासाठी एकवीस वर्षं पुरी व्हावी लागत. आपल्याकडे ते वय अठरावर आलं ते १९८९ साली. मी तर शिकून नोकरीला लागले होते, तरी मतदारयादीत नाव यायची वाट पाहत होते. तुला एवढं थांबावं लागलं नाही, याचा आनंद आहे.

पण मागे फोनवर मी २०१६ च्या तुमच्या अमेरिकेतल्या निवडणुकीत रशियाने केलेल्या ढवळाढवळीचा विषय काढला, तेव्हा तू सहज म्हणालीस, "अगं आजी, ते सगळेच करतात, आणि आता जुनं झालं ते." रागावले नाही हो मी. तेव्हा तू तिसरीत होतीस, पुढचे दात पडून नुकते येत होते, तुला ते कशाला आठवेल! पण वाक्य मनातून जाईना, आणि फोनवर असलं काही नीट बोलता येत नाही, मध्येच कुणाची तरी बेल वाजते. म्हणून हे पत्र. एका दमात वाचू नकोस, जेवण झाल्यावर निवांत वाच.

तुमच्या ह्यूस्टनचीच गोष्ट आधी सांगते. डाउनटाउनमध्ये ट्रॅव्हिस स्ट्रीटवर इस्लामिक दावा सेंटर आहे ना, तिथे २१ मे २०१६ रोजी, शनिवारी दुपारी, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जमाव समोरासमोर उभे राहिले. टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा म्हणणारे एकीकडे आणि त्यांना विरोध करणारे दुसरीकडे. घोषणा, शिव्या, मध्ये पोलीस. पहिल्यांना बोलावलं होतं फेसबुकवरच्या 'हार्ट ऑफ टेक्सास' नावाच्या पानाने, ज्याचे अडीच लाखांवर अनुयायी होते. त्याच वेळी, त्याच जागी दुसरा मेळावा जाहीर केला होता 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पानाने. आणि ही दोन्ही पानं चालत होती एकाच कचेरीतून, रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरातल्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी'तून. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीपुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये हे सगळं मांडलं गेलं तेव्हा खर्चाचा आकडाही सांगितला गेला: सुमारे दोनशे डॉलर. तुझी आई आठवड्याचं वाणसामान भरते तेवढ्यात.

मला त्या आकड्याने फार अस्वस्थ केलं, छकुली. कारण दोनशे डॉलरमध्ये माणसं विकत घेता येत नाहीत. त्या रस्त्यावर आलेलं कुणी विकलं गेलेलं नव्हतं. कुणाला आपल्या राज्याचं प्रेम होतं, कुणाला वाटत होतं की शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळापुढे कुणी असं उभं राहू नये. ती माणसं त्या दिवशी स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून आली होती. ज्याने बोलावलं तो कोण, त्याला कुणी पाहिलंय का, तो स्वतः येणार आहे का, एवढं विचारायला कुणाला सवड झाली नाही, इतकंच.

त्याच महिन्यात, २९ मेला, त्याच कचेरीने एका अमेरिकन माणसाला व्हाइट हाउससमोर एक पाटी घेऊन उभं केलं. पाटीवर त्यांच्या साहेबाला पंचावन्नाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. हा साहेब म्हणजे कचेरीला पैसा पुरवणारा येव्गेनी प्रिगोझिन, त्याचा वाढदिवस १ जूनला असे. पाटी धरणाऱ्याला हा साहेब खरा कोण, ते ठाऊक नव्हतं. कुणीतरी विनंती केली, त्याने बहुधा भिडेखातर ऐकली. असा भिडस्त चांगुलपणा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तुझ्यात तो मुरलेला आहे हे मी तू चार वर्षांची असल्यापासून पाहते, म्हणूनच हे तुला मुद्दाम सांगितलं.

पुण्यात वाढलेल्या माणसाला यातलं एक अंग ओळखीचं वाटतं. १७७५ साली रघुनाथराव पेशवाईसाठी इंग्रजांकडे गेले, सुरतेला तह झाला, फौजेच्या मोबदल्यात इंग्रजांनी साष्टी आणि वसई मागितली. भाऊबंदकी इंग्रजांनी आणलेली नव्हती, ती आपल्याच घरात होती. त्यांनी ती नीट पाहून ठेवली होती, एवढंच. सेंट पीटर्सबर्गच्या लोकांनीही तेच केलं. २०१४ च्या जूनमध्ये त्यांच्या कचेरीतल्या दोन बायका अमेरिकेत हिंडून गेल्या, नेवाडा, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, तुमचं टेक्सास, पार न्यूयॉर्कपर्यंत. कुठे काय दुखतं याची टिपणं घेत. वर्णाचं दुखणं, बंदुकीचं, धर्माचं, पोलिसांचं. खरी दुखणीच होती ती.

आणि आता जे सांगते ते तुझ्या त्या वाक्याशी जोडून वाच. या लोकांचं सगळं काम कुणाला तरी मत द्या असं सांगण्याचं नव्हतं. 'वोक ब्लॅक्स' नावाचं इन्स्टाग्राम खातं, तेही त्यांचंच, ऑक्टोबर २०१६ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांना सांगत होतं की दोन्ही उमेदवार वाईटच, त्यातल्या एकाला नाइलाजाने निवडण्यापेक्षा मत न दिलेलं बरं. म्हणजे बघ, ज्या उदासीनतेला आपण निवडणुकीनंतरचा थकवा समजतो, ती तर त्यांनी निवडणुकीआधीच लोकांच्या हाती ठेवली होती. सगळे सारखेच, काही उपयोग नाही, आपलं काय जातंय. असं म्हणणारा माणूस परक्याला फार सोयीचा असतो. त्याला फसवायचे कष्टही घ्यावे लागत नाहीत. माझ्या नातीच्या तोंडी ते वाक्य आलं म्हणून मला रात्री झोप लागली नाही.

दुसरी बाजू चोरीची होती. रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या संगणकांत शिरकाव केला, आणि हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च २०१६ रोजी गुगलकडून आल्यासारखी दिसणारी एक बनावट मेल गेली: तुमचा पासवर्ड ताबडतोब बदला. कार्यालयातल्या माणसांना शंका आली, त्यांनी तांत्रिक मदतनीसाला विचारलं, आणि त्याने उत्तरात ती मेल खरी असल्याचं लिहिलं. खोटी असंच लिहायचं होतं, असं तो पुढे म्हणाला. पन्नास हजारांहून जास्त पत्रं गेली. 'ताबडतोब' हा शब्द जिथे दिसेल तिथे आधी हात मागे घ्यायचा, बाळा, मग तो बँकेच्या नावाने आलेला असो की देशाच्या.

७ ऑक्टोबरचा दिवस तर मी कधी विसरणार नाही. त्या दुपारी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने आणि गुप्तचर संचालकांनी मिळून जाहीर केलं की हे उद्योग रशियन सरकारचे आहेत. देशाच्या इतिहासात एवढं गंभीर निवेदन क्वचित निघालं असेल. त्यानंतर थोड्याच वेळात क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी ट्रम्प यांनी बायकांविषयी काढलेल्या उद्गारांची ती जुनी ध्वनिचित्रफीत बाहेर आली, आणि तिच्यापाठोपाठ तासाभरात विकिलीक्सने पोडेस्टांची पत्रं प्रसिद्ध करायला सुरुवात केली. लोक चित्रफितीबद्दल बोलले, पत्रांबद्दल बोलले. ज्यांनी ती पत्रं चोरली त्यांच्याबद्दलचं निवेदन त्या गदारोळात बुडून गेलं, आणि निवडणुकीला उरला होता एक महिना.

नंतर चौकशी झाली, आणि ती कसून झाली, हे तुमच्या देशाच्या श्रेयाचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेरा रशियन माणसं आणि तीन संस्थांवर आरोपपत्र, जुलैमध्ये बारा लष्करी गुप्तहेरांवर. एप्रिल २०१९ मध्ये ही चौकशी करणाऱ्या रॉबर्ट म्युलर यांचा अहवाल आला. ढवळाढवळ सर्वदूर आणि पद्धतशीर होती, असा त्याचा निर्वाळा होता. सिनेटच्या समितीने दोन्ही पक्षांच्या सभासदांसह पाच खंड काढले, शेवटचा ऑगस्ट २०२० चा, जवळजवळ हजार पानांचा. फेसबुकने स्वतः सांगितलं की १२ कोटी ६० लाख लोकांसमोर तो मजकूर गेला असू शकतो. एवढं होऊनही घराघरांत चर्चा एकाच गोष्टीची राहिली: यात आपला माणूस अडकतो की त्यांचा. ज्यांचा माणूस जिंकला त्यांना विषय नको होता, ज्यांचा हरला त्यांना त्यात पराभवाचं कारण हवं होतं, आणि दार कुणी फोडलं हा प्रश्न दोघांच्या मधल्या जागेत पडून राहिला. जुलै २०१९ मध्ये म्युलर संसदेपुढे म्हणाले, आपण इथे बसलो आहोत तेव्हाही ते हेच करत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये, तुमच्या मध्यावधी मतदानाच्या आदल्या दिवशी, खुद्द प्रिगोझिनने सांगून टाकलं की आम्ही ढवळाढवळ केली, करतो आणि करत राहू. बातमी आली आणि गेली. मला तर त्याच्या कबुलीपेक्षा ते नुसतं येऊन जाणं जास्त लागलं.

तू म्हणशील, पण मतं बदलली का? मतमोजणीत कुणी फेरफार केल्याचा पुरावा मिळाला नाही, हे खरं आहे, आणि ते मानायला हवं. त्या मजकुराने कुणाचं मन बदललं का, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. पण घराचं कुलूप तोडलेलं दिसलं आणि कपाटातले दागिने जागेवर सापडले, तर आपण कुलूप तसंच लटकत ठेवतो का गं?

आणि 'सगळेच करतात' हेही मी नाकारत नाही. डोव्ह लेव्हिन नावाच्या अभ्यासकाने १९४६ ते २००० या काळात अमेरिका आणि रशिया (आधीचा सोव्हिएत संघ) यांनी दुसऱ्यांच्या निवडणुकांत केलेल्या अशा ढवळाढवळी मोजल्या. एकशे सतरा भरल्या, त्यांतल्या एक्क्याऐंशी अमेरिकेच्या आणि छत्तीस रशियाच्या. १९४८ च्या इटलीतल्या निवडणुकीत सीआयएने पैसा ओतला होता. आपल्या देशाबद्दलही डॅनियल मोयनिहान या अमेरिकेच्या माजी राजदूताने १९७८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की केरळ आणि पश्चिम बंगालच्या निवडणुकांसाठी काँग्रेसला त्यांच्याकडून पैसा गेला होता. तेव्हा इटलीतल्या शेतकऱ्याचा तो अपमानच होता आणि केरळातल्या मतदाराचाही. दुसऱ्याचा अपमान झाला होता म्हणून आपला गोड मानून घ्यावा, हे मला पटत नाही.

उदासीनता कशी येते ते मी इथेही पाहिलंय. सत्तरच्या दशकात संप झाला, मोर्चा निघाला, महागाई वाढली, की पुढारी 'परकीय हात' असं म्हणून मोकळे होत. इतक्यांदा म्हटलं गेलं की लोक ऐकेनासे झाले, आणि मग कधी खरोखर हात असला तरी कुणी मान वर करून पाहिलं नसतं. त्यामुळे तुला न पटणाऱ्या प्रत्येकाला परक्याचा हस्तक म्हणायची सवयही लावून घेऊ नकोस. बहुतेक वेळा समोरचा माणूस आपल्यासारखाच, वेगळं मत असलेला शेजारी असतो.

आता थोडं आजीचं बोलते, ऐकून घे. सकाळी लवकर उठत जा. मी पाचला उठते, चूल-चहा होईतो बाहेर कुणाची हाक नसते, आणि त्या तासात मनात येतं ते आपलं स्वतःचं असतं. उठल्याबरोबर फोन हातात घेतला की दिवसाचा पहिला विचार दुसऱ्याचा होतो, आणि तो दुसरा कोण हे आपल्याला माहीत नसतं. तुझे आजोबा पाकिटं उलटी करून त्यावर हिशेब लिहीत, दोरा गुंडाळून ठेवत. पैशात तुलाही ती काटकसर आली आहे, परवा जुनीच सायकल दुरुस्त करून घेतलीस हे ऐकून मला भरून आलं. तशीच काटकसर पुढे पाठवण्यात कर. राग आणणारं, रडवणारं, छाती फुगवणारं काही आलं की एक रात्र जाऊ दे. सकाळी ते कुणी लिहिलंय, त्याचं नाव-गाव काय, दुसऱ्या एखाद्या विश्वासू वर्तमानपत्रात ते आलंय का, हे पाहा. खरं असेल तर ते सकाळीही खरंच असेल. तुझं मन चांगलं आहे याची मला कधी चिंता वाटली नाही, वाटणारही नाही. बोटाची घाई तेवढी सांभाळ.

आणि उमेदवारांची माणसं भेटायला आली, सभेला गेलीस, की त्यांना विचार: परक्यांच्या ढवळाढवळीविरुद्ध तुम्ही काय केलंत, तुमच्या फायद्याची असती तरी केलं असतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक.

टेक्सासात मतदानाच्या तीस दिवस आधी नोंदणी व्हावी लागते. राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन आपलं नाव आणि पत्ता बरोबर आहे का ते याच आठवड्यात पाहून घे, कुणी पाठवलेल्या दुव्यावरून नको. मतदानाची तारीख आणि केंद्रही तिथूनच लिहून घे, आणि मत देऊन ये.

तुझी,
आजी