कारिएदोला उतरताना

डोळे मिटू नका. आजचं मनन उघड्या डोळ्यांचं आहे, आणि तेही उभ्यानं करायचं.

शहर मनिला. दक्षिणेकडून आलेली गाडी पासिग नदी ओलांडते आणि पहिल्याच स्थानकावर थांबते: कारिएदो. तुम्ही उतरला आहात. मागच्यांना घाई आहे, त्यांना वाट द्या आणि भिंतीशी सरकून उभे राहा. दारं लागतात, गाडी निघते. ती गेल्यावर फलाटावर क्षणभर मोकळं वाटतं. तेवढ्यात एक श्वास घ्या. मोठा नको, नेहमीचाच.

आता लक्ष तळपायांकडे न्या. तळपायांखाली फलाट, फलाटाखाली खांब आणि खांबांच्या मधून वाहणारा रिझाल अव्हेन्यू. होसे रिझालला स्पॅनिश सत्तेनं ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घातल्या, त्याच्या नावाचा हा रस्ता. रस्त्याच्या डोक्यावरून ही गाडी धावायला लागली त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. १ डिसेंबर १९८४ ला मार्ग सुरू झाला तो नदीच्या दक्षिण तीरापर्यंतच. कारिएदोला गाडी आली मे १९८५ मध्ये. आग्नेय आशियातला हा पहिला लाइट रेल मार्ग. आपल्या कानाला लाइट म्हणजे दिवा. घरी लाइट जाते, येते. इथे तिचा अर्थ हलकी. पण जिना उतरून रुळांच्या पुलाखाली गेलात की हा शब्द जरा बोचतो, कारण खाली भर दुपारीही सावली.

त्या सावलीकडे थोडा वेळ बघा. हा रस्ता एके काळी मनिलाचा सिनेमांचा आणि खरेदीचा रस्ता होता. मोठी चित्रपटगृहं, नटूनथटून आलेली गर्दी. पुलामुळेच सगळं गेलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. उपनगरांत मॉल झाले, गिऱ्हाईक तिकडे वळलं. पण पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांचं ऊन पुलानं घेतलं, ते घेतलंच. आणि त्याच पुलाखाली पाऊस आला की माणसं निवांत उभी राहतात. एकाचं ऊन गेलं, दुसऱ्याला छप्पर मिळालं. हिशेब लावायची घाई करू नका. दोन्ही एकदम मनात राहू देत.

पुढची गाडी आली. स्थानकाचं नाव पुकारलं गेलं. दिवसभर पुकारलं जातं. ऐकून कुणी मान वर करत नाही. तुम्ही आज करा.

फ्रान्सिस्को कारिएदो हा अठराव्या शतकातला मनिलाचा एक स्पॅनिश सेनानी. मेक्सिकोतलं अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये जी गॅलियन जहाजं ये-जा करत, त्यांच्या व्यापारात त्यानं पैसा केला. १७४३ मध्ये तो वारला. मागे १०,००० पेसो ठेवले. शहरातल्या लोकांना प्यायला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून. रक्कम व्यापारात घालून वाढवायची आणि पुरेशी झाली की पाणी आणायचं, असा बेत.

पाणी आलं १८८२ मध्ये.

वजाबाकी हळू करा. १३९ वर्षं. इतकी वर्षं कुणीतरी वही सांभाळली, कुणीतरी विसरलं, कुणीतरी पुन्हा आठवण काढली. ज्यांच्यासाठी पैसा ठेवला ती माणसं नदीचं, विहिरीचं, पावसाचं पाणी पीत जगली आणि गेली. त्यांची नातवंडंही गेली. तुमची मान मध्येच पुढच्या गाडीच्या दिशेनं वळेल. वळू द्या. मग पुन्हा त्या वहीकडे या.

आता जिना उतरा. एकेक पायरी. भोंगे, जीपनी गाड्या, विक्रेत्यांची हाळी. आवाजाशी भांडू नका, तो या वस्तीचाच आहे. पुढे मेणबत्त्यांचा वास आणि कुठेतरी त्यात मिसळलेला ओळखीचा. मोगरा! इथे त्याला सांपागीता म्हणतात. १९३४ पासून देशाचं राष्ट्रीय फूल. मूळ शब्द संस्कृत 'चम्पका'पासून आला असं मानतात, म्हणजे नाव चाफ्याचं आणि फूल मोगऱ्याचं. देवळाबाहेर आपल्याकडे विकतात तसेच गजरे इथे चर्चबाहेर विकतात. ते चर्च कियापो या वस्तीचं. आतली काळ्या लाकडाची, क्रूस खांद्यावर घेतलेल्या ख्रिस्ताची मूर्ती मेक्सिकोहून आली, तीही गॅलियनमधूनच. शुक्रवार तिचा वार. ९ जानेवारीला तिची मिरवणूक निघते, तेव्हा लाखो माणसं अनवाणी असतात.

याच मार्गावर दक्षिणेला बाक्लारान आहे. तिथला वार बुधवार, निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेच्या नोव्हेना प्रार्थनेचा. माहीमच्या चर्चमध्येही हाच वार, हीच माता. बुधवारी माहीमला उतरणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बाक्लारानला जाणारी गाडी समजावून सांगावी लागणार नाही.

अनवाणी पाय डोक्यात ठेवून आपल्या चपलांकडे एकदा बघा. काढायची गरज नाही. फक्त जमीन कशी लागते ते बघा.

मग सान्ता क्रूझ चर्चसमोरच्या चौकात या. इथे कारिएदोच्या नावाचं कारंजं आहे. स्थानकापासून हे अंतर चालत काही मिनिटांचं. बसायला जागा मिळाली तर बसा. गाड्या रात्रीपर्यंत असतात.